नागप्पाचं झाड

जळकोटच्या नागप्पाने चाळीस वर्षं दगड घडवला. जाती, पाटे, उंबरठे, देवळांच्या पायऱ्या. पायरीवर देणगीदाराचं नाव तोच कोरायचा. स्वतःचं कुठेच नाही.

तीन वर्षांपूर्वी एका विहिरीत, काळ्या खडकाच्या दोन थरांमधल्या मातकट पट्ट्यात, त्याला मांडीएवढा जाड, गोल दगड सापडला. अंगभर शंकरपाळ्यांसारखे खवले. लोक नागोबा म्हणू लागले. नागप्पाला ते पटेना. नळदुर्गच्या एका ढाब्यावर कुंडीत सायकसचं झाड आहे, त्याच्या खोडावर त्याने हेच खवले पाहिले होते. मी गावच्या शाळेत शिक्षक, म्हणून तो माझ्याकडे आला. मी पुस्तक काढून सांगितलं, की पानं गळतात आणि देठांची बुडं खोडावर राहतात. हे कूळ फुलझाडांच्याही आधीचं; डायनासोरांच्या काळात पृथ्वीभर होतं, आता थोडंच उरलंय.

"म्हंजे ह्यो कुंडीतल्याचा आजा," नागप्पा म्हणाला.

मी काढलेला फोटो धूसर आला. कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, येऊनच बघतो. खात्री पटली तर संग्रहात ठेवू, खाली शोधणाऱ्याचं नाव लिहू. ते ऐकून नागप्पा दोनदा घरी येऊन गेला, नाव कसं लिहितील ते विचारायला. असे दगड कसे तपासतात, हेही त्याने विचारलं. मी म्हणालो, कापून आतलं बघतात. तेवढंच म्हणालो.

पाथरवट कुठलाही दगड हातात घेतला की आधी त्याची साल काढतो. वरचं खराब, आतलं खरं. पाहुण्यांचा त्रास वाचावा म्हणून नागप्पाने आठवडाभर टाकी चालवली. मी प्राध्यापकांना घेऊन गेलो, तेव्हा दगड घासून पुसून पाटावर मांडलेला होता, आरशासारखा.

प्राध्यापकांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. आत सगळी गारगोटी झालेली, लाकडाची खूण राहिलीच नव्हती. ओळख होती ती सालीवर. त्यांनी हळूच विचारलं, "वरच्या कपच्या कुठं आहेत?"

नागप्पाने दाराकडे बोट केलं. "चिखल लई झालता. तुमचे पाय भरू नयेत म्हून तिथं टाकून ठोकून बसवल्या."

आम्ही दोघंही त्या कपच्यांवरूनच आत आलो होतो.

प्राध्यापकांनी कारागिरीचं कौतुक केलं, नागप्पाच्या बायकोच्या, गंगम्माच्या हातचा चहा घेतला आणि ते गेले. नागप्पा दारात उकिडवा बसून कपच्या उकरू लागला. नखाएवढे तुकडे, त्यातले निम्मे साधी खडी.

"गुर्जी, आतलंच बघत्यात म्हणला व्हता न्हवं तुमी?"

मी व्हय म्हणालो. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. अजूनही भेटला की आधी तोच नमस्कार करतो.