लॅपटॉप निजवणारे गुरुजी

गुरुजींच्या घरात कुठलीही गोष्ट बंद होत नसे. दार लोटलं जाई, नळ थांबवला जाई, रेडिओला विश्रांती मिळे. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात, हे आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण गुरुजींनी ही रीत पार पंख्यापर्यंत नेली होती. भारनियमनात वीज गेली की आभाळाकडं बघत ते म्हणत, "लाईट जरा पाय मोकळे करायला गेली." मग ती दुपारभर पाय मोकळे करी आणि आम्ही घाम पुसत तिची वाट बघत बसू.

गुरुजी मूळचे महाळुंगे पडवळचे. नोकरीची बहुतेक वर्षं मात्र त्यांनी वर डोंगरातल्या एका वाडीत काढली, शाळेच्याच खोलीत पथारी टाकून. पुढं धरण झालं, वाडी पाण्याखाली गेली आणि माणसं खाली येऊन महाळुंग्याजवळच्या माळावर वसली. निवृत्तीनंतर गुरुजींनी त्या बुडालेल्या वाडीचा नकाशा काढायला घेतला. "पोरांकडून आफ्रिका काढून घेतली राव," ते मला म्हणाले, "आणि पायाखालची वाडी काढायची राहून गेली."

नकाशा कागदावर नव्हता. पुण्यातल्या मुलानं टाकून दिलेला लॅपटॉप गुरुजींकडं आला होता. तेव्हा मंचरला माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी कडवा लिनक्सभक्त होतो. दिसेल त्या यंत्रात ती फुकटची, खुली प्रणाली घालायची आणि वर तासभर प्रवचन द्यायचं, हा माझा धर्म. गुरुजींच्या लॅपटॉपलाही मी दीक्षा दिली. त्याची बॅटरी मात्र म्हातारी होती. सुस्कारा टाकण्यापुरता जीव उरलेला.

दुपारी गुरुजींच्या ओसरीवर वाडीतली म्हातारी माणसं जमत. लॅपटॉप पाटावर, माणसं घोंगडीवर. कुणी म्हणे, आंबा विहिरीच्या अल्याड व्हता, दुसरा म्हणे, "तुला काय ठावं? तू तर कायम आंब्यावरच आसायचा!" गुरुजी हसत आंबा उचलून इकडचा तिकडं ठेवत. वाडीची वरची आळी मात्र एकट्या हौसामाईला आठवत होती. तिच्या वयाचं तिथलं कुणी उरलंच नव्हतं. ती नवऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून नकाशात तिच्या घरावर अजून 'पमीच्या बाचं घर' असंच लिहिलेलं आहे. आणि ही पमी दिवाळीनंतर आईला कायमची मुरबाडला घेऊन जाणार होती.

अशाच एका दुपारी हौसामाई आपल्या दारापर्यंत आली होती. बोट पडद्यावर टेकवून सांगत होती, "हितं उखळ, हितं कोंबड्यांचं खुराडं..." तेवढ्यात वीज गेली, बॅटरीनं तो सुस्कारा टाकला आणि पडदा काळा झाला. हौसामाईचं बोट तसंच राहिलं. मग ती उठली.

"आवं गुर्जी, येकदा बुडालं तवा सरकारनं निदान नोटीस तरी धाडली व्हती."

"माई, सगळं साठवलेलं आहे. वीज आली की पुन्हा उघडतो."

"उघडा नायतर नका उघडू. मी न्हाई यायची. दोनदा बगितलं, बास झालं."

ती खरंच आली नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी कापडी पिशवीत लॅपटॉप घालून एसटीनं माझ्या क्लासात हजर.

"याला निजवता येईल का?" त्यांनी विचारलं. "बॅटरी संपायच्या आत निजला पाहिजे. आणि उठला की वाडीच्या वेशीत नको, थेट हौसामाईच्या दारात उभा राहिला पाहिजे."

मी खुर्चीतून उठून हात पसरले. "गुरुजी, यालाच हायबरनेशन म्हणतात!" यंत्र झोपताना डोक्यातलं सगळं डिस्कवरच्या एका राखीव जागेत उतरवून ठेवतं, मग वीज गेली तरी बेहत्तर, उठलं की तिथून उचलून होतं तसं मांडतं. बेडूक, अस्वल, सगळे दाखले दिले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बटण दाबलं. लॅपटॉप झोपायला गेला, अर्ध्यातून परत आला आणि आमच्याकडं टकामका बघू लागला.

मुलानं मागाहून कौतुकानं त्यात मेमरी वाढवली होती. राखीव जागा जुनीच, निम्मी. सामान मावतच नव्हतं. गुरुजी म्हणाले, "जागा कमी दिली की असंच होतं. आमच्या वाडीला विचारा." मी जागा वाढवली. आता तो गाढ झोपला. पण उठला तो पार कोरा, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं. उठताना सामान कुठून घ्यायचं, हे त्याला सांगायचं राहिलं होतं. "नवा पत्ता दिल्याशिवाय पोस्टमन काय करील?" गुरुजी म्हणाले. यंत्र सुरू होताना पहिल्यांदा वाचतं त्या ओळीत मी पत्ता लिहिला. मग उठला, पण आंधळा! आत पंखा फिरतोय, पडदा काळाच. ते कोडं मला आठवडाभर पुरलं. अखेर जमलं ते असं, की झोपण्याआधी रंगीत पडदा उतरवायचा, साध्या अक्षरांचा लावायचा आणि मगच निजायचं. गुरुजींना हे फार पटलं. "फेटा बांधून कोण झोपतं राव?"

मग गुरुजी स्वतः हौसामाईच्या दारात गेले. काय बोलले ते मला कधीच कळलं नाही. पण ती आली, पदर घट्ट ओढून, एकदाच म्हणून. गुरुजींनी तिच्यासमोर लॅपटॉप निजवला, वायर काढली, बॅटरीसुद्धा काढून तिच्या हातात दिली. चहा झाला. बाहेर ऊस सळसळत होता. मग बॅटरी परत बसवून, वायर जोडून त्यांनी बटण दाबलं. अंधार. त्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या. मग उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरताना भिंती वर येतात ना, तशी सगळी वाडी हळूहळू वर आली: पार, विहीर, आंबा, आणि उखळाशेजारी थांबलेला माऊसचा बाण.

हौसामाईनं बॅटरीची जागा चाचपून पाहिली, बाणाकडं पाहिलं आणि म्हणाली, "खुराड्याच्या म्होरं गोठा."

दिवाळीपर्यंत वरची आळी पुरी झाली. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "आन् तुमचं घर कुटं हाय गुर्जी?"

"मी शाळेत निजायचो, माई. माझं कुठलं घर?"

"मंग काढा की. माज्या परड्याला लागून सपाट जागा हाय."

"नकाशा खरा हवा, माई."

"समद्यांची घरं मी सांगितली ती खरी, आन् येवढंच खोटं व्हय?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग एक चौकोन काढला. लहानसाच.

हौसामाई मुरबाडला गेली, तिकडंच वारली. पुढं काही वर्षांनी गुरुजीही गेले. नकाशा फ्लेक्सवर छापून नव्या गावाच्या देवळात लावलेला आहे. मागं यात्रेला गेलो, तर धरणानंतर जन्मलेला एक गडी मला पावणा समजून वाडी दाखवू लागला. वरच्या आळीत आल्यावर त्यानं त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्ये आमच्या गुर्जींचं घर. दारात शेवगा व्हता."

नकाशात शेवगा नव्हता. मी दोनदा पाहिलं.

"शेंगा कशा होत्या रे?" मी विचारलं.

"लई ग्वाड, पावणं," तो म्हणाला.