पंचमीचं ताट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

आप्पा म्हणजे माझे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले. शिराळ्याजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघंच राहतो, कारण नवराही फौजेतच आहे. आप्पांना साखरेचा आजार. रोज सकाळी इन्सुलिन मीच देते. डॉक्टरांनी बजावलं होतं – आधी ताट समोर, मग सुई. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की साखर झपाट्यानं उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस भ्रमल्यासारखं बोलतो, बेशुद्धही पडतो. तसं झालं तर शुद्धीत असतानाच साखरपाणी द्यायचं, आणि सावरल्यावर भाकरी. नुसत्या गोडावर सोडायचं नाही, साखर पुन्हा उतरते. मला सगळं पाठ होतं. म्हणजे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

त्या दिवशी नागपंचमी होती. पंचमीला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत. भाकरी नाही, पुरणाची दिंडं उकडायला ठेवलेली. गल्लीतल्या बायका वारुळाला निघाल्या होत्या. मी नवी साडी नेसले होते. दिंडं होतीलच इतक्यात, असं मनाशी म्हणाले आणि सुई देऊन मोकळी झाले. आप्पांनी विचारलं, "पोरी, खायाला काय हाय का?" दिंडं उतरली होती, पण नागाच्या नैवेद्याआधी आमच्याकडे कुणी जेवत नाही. मी म्हटलं, "नैवेद्य दाखवून आलेच, आप्पा."

वारुळापाशी पूजा झाली, फेर सुरू झाला. लग्नानंतर किती दिवसांनी मी अशी नाचत होते! आणि इथंच अडतं माझं – मी त्यांना विसरले नव्हते. फेर धरता धरता मला स्वच्छ आठवलं, आप्पा उपाशी आहेत. तरी मी हात सोडला नाही. एवढा एक फेर होऊ दे, म्हटलं. मग आणखी एक.

घरी आले तर आप्पा बाहेरच्या सोप्यात बसलेले. सदरा घामानं चिंब. पायातली चप्पल हातात घालायला बघत होते, आणि मला सासूबाईंच्या नावानं हाक मारली. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. साखरपाणी केलं, घोट घोट पाजलं. त्यांचे दात पेल्यावर कडकड वाजत होते. आप्पा गेले तर मी नवऱ्याला काय सांगू – त्या वेळी हेच मनात होतं. ते जगावेत, हे नंतर आलं. भीती अशी असते का हो? माझी तरी होती.

ते सावरू लागले तशी मी दिंडांचं ताट वाढून पुढं ठेवलं. भान आल्यावर त्यांनी विचारलं, काय झालं? आणि मी म्हणाले – ताट तर मघाशीच ठेवून गेले होते, आप्पा. तुम्ही जेवायचं विसरलात.

ते ताटाकडे बघत राहिले. पलटणीतल्या एकेकाचं गाव तोंडपाठ सांगणारा माणूस. म्हणाले, "असंल पोरी. माज्या काय ध्यानात न्हाई."

तेव्हापासून त्यांनी मोटारसायकलची किल्ली माझ्याकडे दिली. उसाला पाणी पाजायला एकटे जात नाहीत. नवरा फोनवर म्हणतो, आप्पांचं डोकं आता चालत नाही. मी हो म्हणते. एखाद्या दिवशी त्यांना आठवेल, या भीतीनं मी पंचमीचा विषयच काढू देत नाही. आणि कधीच आठवणार नाही, याचीही मला भीती वाटते.

आता मी ताट आधी ठेवते. रोज. आज सकाळीही भाकरी संपवून, हात धुऊन ते सोप्यात जाऊन बसले. थोड्या वेळानं दारातून हळूच विचारलं, "पोरी, मी जेवलो न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय आप्पा, जेवलात."

त्यांनी मान डोलावली. माझं ऐकून.