दार लावून बोलायची भाषा

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई मी चार वर्षांची असल्यापासून सांगत आलीय. तिचं म्हणणं खरं होतं हे पटायला मला कुवेतला यावं लागलं. इथेही पंधरा वर्षं नर्सची नोकरी करून झाल्यावर, जाब्रियातल्या आमच्या हॉस्पिटलात सहा नंबरच्या पलंगावर एक म्हातारी यावी लागली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

म्हातारी पंच्याहत्तरीच्या पुढची. ग्रीसहून लेकीकडे दोन महिन्यांसाठी म्हणून आली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, तोंड किंचित वाकडं झालं आणि बोलणं पार बंद. आमचा वॉर्ड अशा माणसांना परत उभं करायचा. चालायला शिकवायचं, गिळायला शिकवायचं, बोलायला शिकवायचं. इथे सगळ्या म्हाताऱ्यांना 'मामा' म्हणायची पद्धत आहे, म्हणजे आई. हिलाही मी मामाच म्हणायची. "मामा, तोंड उघडा की. मामा, कूस बदलूया." ती माझ्याकडे बघायची आणि मग भिंतीकडे तोंड करायची.

लेक शर्क भागात एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. नवरा इंजिनियर, तोही ग्रीसचाच. दुपारी चारला ऑफिस सुटलं की ती थेट वॉर्डात हजर. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "आईला कळतंय ना?"

सगळं त्यावरच अडलं होतं. आमच्याकडे पलंग थोडे आणि वाट बघणारे फार. दर मंगळवारी डॉक्टरांची बैठक व्हायची. सांगितलेलं कळतच नसेल त्या पेशंटला शिकवणार काय? मग थेरपी थांबवायची, पलंग पुढच्याला द्यायचा. लेकीच्या भावाने तिकडे एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. म्हातारीला स्ट्रेचरवर घालून विमानाने न्यायचं आणि तिथे ठेवून द्यायचं. "तिथे ती महिनाभरसुद्धा काढायची नाही," लेक म्हणाली. एवढी नीटनेटकी, इस्त्रीच्या कपड्यातली बाई, पण बोलताना हातातल्या किल्ल्या खुळखुळत होत्या.

आमची बोलण्याची थेरपिस्ट लेबनानची. तिला ग्रीक येत नव्हतं. आणि तपासणीला घरचं माणूस दुभाषी म्हणून चालत नाही, ते नकळत डोळ्यांनी उत्तरं सांगतं. म्हणून इथल्या ग्रीक मंडळींतली एक बाई यायची, लेकीची मैत्रीणच. स्वभावाने फार भली. अंडं आणि लिंबू घातलेलं कोंबडीचं सूप डब्यातून आणायची आणि म्हातारीच्या हनुवटीला रुमाल लावून चमच्या-चमच्याने भरवायची. ती ग्रीकमध्ये सांगायची, "डोळे मिटा. खिडकी दाखवा. डावा हात वर करा." म्हातारी ढिम्म. दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा शून्य.

मला ते पटत नव्हतं. मी तिला रोज पुसायची, तिचे केस विंचरायची. न कळणाऱ्या माणसाची नजर वेगळी असते. ही कोणी आत आलं की आधी त्याच्या कपड्यांकडे बघायची. पांढरा कोट, गळ्यातला पट्टा, हातातली फाईल. आणि मग ओठ घट्ट मिटायची.

त्या गुरुवारी शेजारचा पाच नंबर रिकामा होता आणि मी पडदा ओढून म्हातारीचं अंग पुसत होते. लेक आली. तिला वाटलं आईजवळ कोणी नाही. तिने दार लावलं, खिडकी नीट बंद आहे का ते बघितलं आणि पडद्याच्या फटीतून हात घालून हळू आवाजात काहीतरी म्हणाली. आणि काय सांगू, माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. म्हातारी बोलली! घोगरं, तुटक, पण बोलली. "वोदा," म्हणाली. लेकीने आत येऊन पेला उचलला तेव्हा तिला मी दिसले.

"अगं, ह्या बोलल्या!" मी ओरडलेच. "आणि हे ग्रीक नव्हतं. रोज ऐकते मी ग्रीक."

ती पांढरीफटक पडली. आधी आईला पाणी पाजलं, मग मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथे कोणी नव्हतं, तरी तिने दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

त्यांचं गाव उत्तर ग्रीसमध्ये, सरहद्दीच्या डोंगरात. गावातली जुनी माणसं ग्रीक नाहीत, मॅसेडोनियन. हा शब्द तिने इतक्या हळू उच्चारला की मला कान पुढे करावा लागला. डोंगरापलीकडच्या देशात तीच भाषा शाळेत शिकवतात, दुकानांच्या पाट्यांवर लिहितात. डोंगराच्या या बाजूला मात्र मोठ्याने तिचं नाव घ्यायची सोय नाही. बहुतेक ग्रीक लोक म्हणतात, मॅसेडोनिया म्हणजे आमचा प्रांत, तसली भाषाबिषा काही नाही. घरातली माणसं तिला नुसतं 'आपलं' म्हणतात. आपलं बोल, आपल्यात सांग, एवढंच.

"आई शाळेत जायची तेव्हाची गोष्ट," ती सांगायला लागली. "सगळ्या गावाला मैदानात उभं केलं. पाद्री होता, सरकारी माणसं होती. सगळ्यांनी उजवा हात वर करून देवाची शपथ घेतली, की ही भाषा पुन्हा बोलणार नाही. आईनेही घेतली. बाहेर तिने ती कायम पाळली. घरात मात्र खिडक्या लावून आमच्याशी बोलायची. आता उजवा हातच गेला ना, तर तिला वाटतं, देवाने शपथ मोडल्याचं बघितलं."

मला सगळं लख्ख दिसलं. झटक्यात म्हातारीचं ग्रीक पुसलं गेलं होतं. असं होतं कधी कधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. चाळीस वर्षं फाडफाड अरबी बोललेला एक मल्याळी म्हातारा आमच्याकडे शेवटी फक्त मल्याळम बोलत होता. हिच्याकडे 'आपलं' तेवढं शिल्लक होतं, आणि ते कोटवाल्यांसमोर बोलायचं नाही अशी शपथ होती.

"मग डॉक्टरांना सांग की!" मी म्हटलं. "मंगळवारच्या आत सांग."

"नाही."

"अगं पण का?"

"ती सूप आणते ना, ती माझी इथली एकुलती एक मैत्रीण आहे. माझा मुलगा शनिवारी ग्रीक वर्गाला जातो, तिथे शिकवतेही तीच. नवऱ्याला माहीत आहे, पण आम्ही विषय काढत नाही. सासू आली की मी आईला फोन गाडीत बसून करते. मी ग्रीसची आहे, मला माझा देश आवडतो. पण एकदा तो शब्द तोंडातून निघाला की लोक मला विचारायला लागतील, तू नक्की कुणाची?" मग तिने माझा हात धरला. "कोणाला सांगू नकोस. वचन दे."

मी दिलं. आणि रिग्गईला घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

मी बेळगावची. आमच्याकडे मराठी म्हणजे ओरडून सांगायची गोष्ट. वडिलांच्या खांद्यावर बसून मोर्चात घोषणा दिल्यात मी, अर्थ कळायच्या आधी. शेजारच्या कानडी काकूंनी तेव्हाही मला हाक मारून जेवायला वाढलंय, ते वेगळं. पण आपली भाषा लपवायची? स्वतःच्या आईचा जीव टांगणीला लागलेला असताना? माझी स्वतःची लेक घरात मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते, त्याचा राग होताच, तोही त्यात मिसळला. यांना मी सगळं सांगितलं, नाव न घेता. हे म्हणाले, "तू वचन दिलंयस ना? मग नसती उठाठेव करू नकोस." ऐकेन तर मी कसली!

रविवारी ड्युटीवर गेले आणि फाईलमध्ये लिहून टाकलं. पेशंटची घरची भाषा मॅसेडोनियन, त्या भाषेत प्रतिसाद देते. खाली सही ठोकली. वर स्वतःवर खूशही झाले.

सोमवारी थेरपिस्टने ते वाचलं आणि सूपवाली बाई आल्या आल्या भर वॉर्डात विचारलं, "तुम्हाला मॅसेडोनियन येतं का हो?"

ती बाई हसली. थट्टा वाटली असेल तिला. मग तिचा चेहरा बदलला. "अशी काही भाषा नाही," ती म्हणाली. "आणि ह्या ग्रीक आहेत. माझ्या मैत्रिणीच्या आई आहेत." आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखं होतं. मी वळले तर दारात लेक उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी मी तिला लिफ्टपाशी गाठलं. म्हटलं, माझं चुकलं, पण तुझ्या आईसाठी केलं. आमच्या गावाचं, मोर्चांचं, सगळं सांगत बसले, जणू त्याने माफी मिळणार होती.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही लोक मोर्चात ओरडलात, आणि ओरडून घरी जाऊन जेवलात," ती म्हणाली. "तुमच्या भाषेचं नाव तुमच्या शत्रूलासुद्धा माहीत होतं. उद्यापासून आईला दुसरी नर्स द्या म्हणून मी सांगितलंय."

लिफ्ट आली, ती गेली. मी चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले. लाज वाटली मला. तिने सांगितलेलं मी ऐकलं होतं, पण माझ्याच गावच्या कानांनी. घाबरलेल्या माणसाला कुठे दार उघडायचं ते त्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि मी बाहेरून लाथ घातली होती.

मंगळवारी सकाळी डॉक्टर स्वतः शेवटच्या तपासणीला आले. थेरपिस्ट होती, सूपवाली बाई होती. बिचारी आली होती, डबा घेऊन, पण लेकीकडे बघत नव्हती. त्या पलंगाची नर्स आता मी नव्हते. मी शेजारच्या पाच नंबरची सलाईन उगाच दोनदा तपासत उभी होते. लेक रजा टाकून आलेली, भिंतीला टेकून.

सूपवाली बाई नाही म्हणाल्यामुळे माझी नोंद चूक ठरली होती, म्हणून ग्रीकमध्ये पुन्हा तेच. डोळे मिटा. खिडकी दाखवा. म्हातारीने डॉक्टरांच्या कोटाकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. डॉक्टरांनी सुस्कारा सोडून पेन काढलं.

"थांबा," लेक म्हणाली.

ती पुढे आली. दार सताड उघडं होतं, व्हरांड्यातून माणसं जात-येत होती. ती आईच्या तोंडासमोर वाकली आणि 'आपल्या'त बोलायला लागली. पहिले दोन शब्द तसेच हळू, मग चांगलं मोठ्याने. पाच नंबरच्या अरब आजींनीही मान वळवून बघितलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. एवढं कळलं की ती काहीतरी विचारते आहे, पुन्हा पुन्हा, आणि तिचा आवाज फाटतो आहे.

म्हातारीचे डोळे मोठे झाले. तिने दाराकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, त्या बाईकडे बघितलं. मग तिचा डावा हात चादरीतून वर आला आणि तिने लेकीच्या तोंडावर तळवा दाबून धरला. आणि बोलली. एक अख्खं वाक्य, घाईघाईने, कुजबुजत.

डॉक्टर पेन तसंच धरून म्हणाले, "काय म्हणाल्या त्या?"

लेकीने आईचा हात तोंडावरून काढला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. तिचे डोळे वाहत होते. तिने आधी मैत्रिणीकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, हळू बोल बाळा, लोक ऐकतायत."

तोंडावर दाबलेला हात डॉक्टरांनी स्वतः बघितला होता; त्यांनी कागदावर लिहिलं, पेशंटला सगळं कळतं. थेरपी चालू.