वेवजीचा एकच राऊटर

मी राऊटर बसवणारा माणूस. दिवा लागला नाही तर आधी वायर तपासायची, एवढीच माझी श्रद्धा. भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जायचो. तरी हे लिहितोय, कारण वर्ष होत आलं... आणि कोणी धड उत्तर देत नाही.

डहाणूत माझं आणि वसंताचं इंटरनेट जोडून द्यायचं दुकान होतं. आशागड, सायवनपासून तलासरीतल्या वेवजीपर्यंत तीस राऊटर आम्ही लावलेले. २०१७ मध्ये कंपनीची मेल आली – राऊटरमध्ये दोष आहे, अपडेट टाका.

"लॉगिनच्या रकान्यात मावणार नाही एवढा लांब मजकूर कोणी पाठवला, की तो मेमरीत उतू जातो," वसंताने समजावलं. "मग राऊटर त्या पाठवणाऱ्याचंच ऐकतो. तुझ्यासारखाच रे, जास्त झालं की डोकं बंद!"

अपडेट घरोघरी जाऊन, लॅपटॉपला केबल लावूनच टाकावं लागे. पण सुरुवात होण्याआधीच वसंताला कावीळ झाली. दिवाळीआधी तो गेला. काम मी टाळत राहिलो.

२०१८ च्या गणपतीनंतर सुनंदाचा फोन आला. वेवजीत तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे.

"भाऊ, लोक मला चोर म्हणतायत. माझ्याकडे बँकेचा पासवर्ड टाकला, नि तिघांची खाती रिकामी झाली."

जाऊन बघितलं. तिच्या राऊटरमध्ये बाहेरून कोणीतरी शिरलं होतं. बँकेचं पान उघडलं की हुबेहूब नकली पान समोर येई. मी अपडेट टाकलं, आणि घाबरून बाकीच्या घरांकडे धावलो.

सायवनला पहिलाच राऊटर उघडला. अपडेट आधीच टाकलेलं! तारीख त्याच वर्षीच्या जूनची, म्हणजे वसंता गेल्यानंतरची.

"कोण आलेला?" मी विचारलं.

"कोनी नाय. तुमचीच वाट बघतो आम्ही," म्हातारी म्हणाली.

पाड्यावर घरनंबर नसतात, म्हणून वसंता सेटिंगमध्ये घराची खूण लिहून ठेवायचा. इथे पूर्वी 'चिंचेखाली' होतं. आता 'हातपंपासमोर'. तो हातपंप मे महिन्यात बसला होता.

एकोणतीस ठिकाणी हेच. अपडेट झालेलं, खूण ताजी. अपडेट टाकायचा लॅपटॉप तर तोवर माझ्याच कपाटात होता. कंपनीला कळवलं, त्यांनी तक्रार न वाचताच बंद केली. मुंबईचा एक इंजिनिअर म्हणाला, काही हॅकर दोष बुजवतातही. बरं... हॅकरला सायवनचा हातपंप कोणी दाखवला?

मग पुन्हा वेवजीला गेलो. केंद्रासमोर उभा राहून लोकांना सांगितलं – दोष राऊटरचा, चूक माझी, सुनंदाची नाही.

"मग इतके दिवस तिला शिव्या खाऊ दिल्या होय, शेठ?" एक जण म्हणाला.

लोक गेल्यावर सुनंदाला सगळं सांगितलं.

"बाकीच्यांचे कोणी केले ते राहू द्या, भाऊ. माझाच का सोडला?"

बाकी कशाचंच उत्तर माझ्याकडे नाही, आजही नाही. पण याचं होतं. आजारी वसंताने मला एकदाच विचारलं होतं, "वेवजीचा तरी केलास ना? तिथे लोक बँकेची कामं करतात."

मी म्हणालो होतो, "हो. केला."