भिंतीपाशी पिवळे तांदूळ

घरामागच्या बागेची भिंत मी स्वतः रचली. माती नाई, चुना नाई, नुसते गोटे एकावर एक बसवले. मी दुसरीपर्यंत शिकलो, पण कोणता गोटा कुठी बसेल हे मले कोणी सांगावं लागत नसे. पलीकडे लहान भावाचं घर. वाटणीत विहिरीवरून आमचं बिनसलं, बोलणं बंद झालं, आणि मग मी ती भिंत घातली.

शिमगा आला की भिंतीले झाडंझुडपं फुटत. न्हाणीचं पाणी जिथं मुरे तिथं चिवळ पसरे. गोट्यांच्या फटीतून पिंपळाची तांबूस पानं डोकावत. माह्या बाजूच्या निंबावर चढलेली गुळवेल हिवाळाभर सुकल्या दोरासारखी लोंबे, तिलेही पालवी येई. मी हाती लागेल ते उपटायचो. मूळ आत गेलं की गोटा सरकते. वेल तेवढी बायकोनं वाचवली होती, अन् चिवळही. राहू द्या, भाजी होते, म्हणे. भाजी खुडून अर्धी ती भिंतीच्या माथ्यावर ठेवायची, अन् पलीकडून जाऊ उचलून न्यायची. मी पाहिलं नाई असं करायचो. दोन घरांचं तेवढंच देणंघेणं उरलं होतं.

ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी बायको गेली. भिंतीचा माथा रिकामा पडला. भावाची बायको माह्याशी बोलणं शक्यच नव्हतं. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर ती उभी राहत नाई, तोंडातून शब्द काढत नाई. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता.

त्या शिमग्यात मी भिंत साफ केली नाई. नको म्हणणारी नव्हती तर उपटण्यातही काही राह्यलं नव्हतं. चिवळ माजली. एकट्यासाठी भाजी निवडत बसणं मले जमत नसे.

एक दिवस बाजारातून आलो तेव्हा दिवस बुडत होता. हातपाय धुवायला मागं गेलो, तर गुळवेलीच्या बुडाशी हळदीचे पिवळे तांदूळ, वर कुंकू आणि एक सुपारी. चारचौघांत मी नेहमी म्हणायचो की जादूटोणा सब झूठ आहे. त्या दिवशी मात्र हातपाय धुवायचे राह्यले. करणी केली, असंच वाटलं. बायको अशीच तर गेली नसेल, असंही मनात आलं. मी विळा आणला, हात पुरेल तिथपर्यंत वेल कापली, बुड खणून काढलं, चिवळ ओरबाडली आणि सगळ्यावर राकेल ओतून काडी लावली. ओली वेल जळत नाई, नुसती धुपते. धूर भावाच्या अंगणात जात होता. मले बरं वाटलं.

पहाटे उजाडता उजाडता मागं गेलो. भावाची बायको भिंतीपलीकडे उभी होती, डोक्यावर पदर, हातात विळा. राखेकडे पाहत होती. मी तिच्याकडे न पाहता भिंतीले सांगावं तसं म्हणालो, "ज्यानं तांदूळ टाकले, त्यानं येऊन उचलून न्यावे."

ती जाईल असं वाटलं होतं. गेली नाई.

"भाऊजी, ते करणीचं नव्हतं. आवतन होतं. त्याइले पंधरा दिवसांपासून ताप आहे. तुमाले विचारता येत नव्हतं, म्हणून वेलीले विचारलं."

औषधाची वेल आमच्याकडे अशीच तोडत नाई. आदल्या संध्याकाळी बुडाशी पिवळे तांदूळ ठेवायचे, उद्या न्यायला येते म्हणून सांगायचं, आणि दिवस निघायच्या आधी तोडायची. हे मले माहीत नव्हतं असं नाई. माही मायही असंच करायची.

वर निंबावर वेल अजून होती. चढून दोन हात तोडून द्यायला कितीसा वेळ लागला असता. पण एकदा बोलून बसलो होतो. मी घरात गेलो आणि दार लोटून घेतलं.

त्याच दिवशी भावाले गडचांदूरले नेलं. डाक्टरनं हिवताप सांगितला, सुया-गोळ्या दिल्या, तो बरा झाला. वेलीनं काही झालं नसतं, हे मी स्वतःले पुष्कळदा सांगितलं. खरंही असेल. पुढं त्याले तिकडे सिमेंटच्या कारखान्यात काम लागलं, बायकोलेही घेऊन गेला. पलीकडच्या घराले कुलूप लागलं.

निंबावरच्या वेलीनं पुढच्या वर्षी दोऱ्यासारखी मुळं खाली सोडली आणि जमीन धरली. मी हात लावला नाई. एका चैत्रात संध्याकाळी मीच तिच्या बुडाशी पिवळे तांदूळ ठेवले. काय बोलायचं ते सुचलं नाई, तसाच उभा राह्यलो. सकाळी दोन हात वेल तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि फाट्यावर गेलो. गडचांदूरची एसटी आली. कंडक्टरनं विचारलं, "बसता का, बाबा?"

"नाई," मी म्हणालो. "कोणाची तरी वाट पाहून राह्यलो."

घरी येऊन फडकं सोडलं आणि वेल भिंतीच्या माथ्यावर ठेवली, बायको भाजी ठेवायची त्याच गोट्यावर. गुळवेलीचा तुकडा लवकर मरत नाई. पावसाळा लागेपर्यंत तो तिथंच होता, हिरवा.