बाईंच्या वाटणीचं वचन

शिवणबाईंची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच धारदार. आठवडाभर त्या लोकांचे कपडे शिवायच्या आणि रविवारी चर्चमागच्या खोलीत मुलांकडून प्रभूची वचनं पाठ करून घ्यायच्या. कुणी अडखळलं की म्हणायच्या, "उसव, आणि पहिल्यापासून टाके घाल!"

पण एक नियम होता. ज्याच्या घरचं कुणी वारलंय, त्यानं वचन म्हणायचं नाही. त्यानं सतरंजीवर बाईंना टेकून बसायचं, त्याच्या वाटणीचं वचन बाकीच्यांनी म्हणायचं. किती पोरांनी बाईंच्या बाहीला नाक पुसलं असेल, देव जाणे.

एकुलत्या लेकीला मूठमाती दिल्यावर तिसऱ्याच रविवारी बाई वर्गावर निघाल्या. "आई, आज राहू द्या," जावई म्हणाला. "मग घरात बसून भिंती मोजू?" बाई फणकारल्या.

वर्गात त्यांनी पुस्तक उघडलं, पण तोंडून शब्द फुटेना. लेक बरी व्हावी म्हणून याच खोलीत, याच मुलांना घेऊन त्यांनी प्रार्थना केली होती. आता कोणत्या तोंडानं शिकवायचं?

तेव्हा एक आठ वर्षांची मुलगी उठली. गेल्या वर्षी तिची आई गेली होती. तिनं बाईंच्या हातातून पुस्तक हळूच काढून घेतलं आणि सतरंजीवर परत बसून शेजारी जागा केली.

"बाई, इथे बसा. तुमचं आम्ही म्हणतो."

मुलं म्हणताना दोनदा अडखळली, पण उसवायला कुणी सांगितलं नाही. बाई त्या मुलीच्या एवढ्याशा बाहीला नाक पुसत होत्या.