वैद्याच्या पत्रातली नासपती

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरले तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. बॅगेत मेतकूट, आमसुलं, नाचणीचं सत्त्व आणि कामांची यादी. यादीशिवाय मी कुठेच जात नाही, माहेरीसुद्धा.

धाकटी बहीण टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिचं नाव इथे माधवी लिहिते; खरं वेगळं आहे. तिचं ऑपरेशन झालं होतं. नवरा नितीनराव रोज जुरोंग ईस्टला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, नोकरीला जातात. म्हणून मी रजा टाकून मदतीला गेले. ऑपरेशन कसलं, ते लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

पहिल्या आठवड्यात मी घर ताब्यात घेतलं. औषधांच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या, मसाल्याचे डबे नव्याने लावले. माधवी दुपारी झोपली की मी खाली उतरायचे. इमारतीखाली भिंती नसलेला मोकळा तळमजला असतो, व्हॉइड डेक (सगळ्या बिऱ्हाडांचं अंगणच म्हणा). तिथे म्हातारे चिनी आजोबा पट मांडून बसतात आणि एकमेकांवर ओरडतात. पलीकडे हॉकर सेंटर (एका छपराखाली खाण्याचे खूप ठेले). पहिल्याच दिवशी तिथे फजिती झाली. रिकाम्या टेबलावर कोणाचं तरी कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. मी ते उचलून बाजूला ठेवलं, टेबल पुसलं आणि बसले. तेवढ्यात हातात ताट घेऊन एक गृहस्थ आले.

"आंटी, धिस वन चोप ऑलरेडी, लाह!"

चोप (पाकीट ठेवून जागा धरणं) हा इथला पक्का नियम. मी लाजून उठले. ते मात्र हसून सरकले आणि त्यांनी शेजारी बसवून मला कोपी-ओ कोसोंग (बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी) मागवायला शिकवलं. कडू जहर; पण चौथ्या दिवशी तिच्याशिवाय चैन पडेना.

कॉफी पिता पिता मी रोज घरच्या व्हॉट्सॲप गटावर खुशाली टाकत होते. डॉक्टर काय म्हणाले, काय खाल्लं, जखम कशी आहे, पुढे काय होईल आणि काय होणार नाही. क्रमांक घालून, नीट. लगेच उत्तरं यायची: 'ताई, तू आहेस म्हणून निर्धास्त आहोत.' ते वाचायला मला फार आवडत होतं.

डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिल्यावर मी बागा, समुद्रकिनारा अशी यादी काढली. माधवीने ती बाजूला सारली.

"ताई, माझ्या ऑफिसच्या इमारतीत एक प्रदर्शन लागलंय. जुन्या काळच्या वैद्याची पत्रं आहेत. तिथे जाऊया. शांत असतं."

तिचं ऑफिस वन-नॉर्थला. टॅम्पिनीसहून एमआरटीने (इथली मेट्रो) गाडी न बदलता बुओना व्हिस्टा, मग थोडं चालणं. काचेच्या उंच इमारती, मध्ये दाट झाडं, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मुलं. तळमजल्यावर एका दालनात काचेच्या पेट्या मांडलेल्या. चारेकशे वर्षांपूर्वीचा युरोपातला हा नामांकित वैद्य. नावाचा उच्चार मला धड जमला नाही, म्हणून लिहीत नाही. पत्रांच्या प्रती लॅटिनमध्ये, खाली इंग्रजी भाषांतर. एका भिंतीशी धंद्याची पत्रं, समोर घरची. त्या काळी रोगी पत्रासोबत लघवीची बाटली पाठवत आणि वैद्य ती उजेडात धरून निदान करी, हे वाचून माधवी पोट धरून हसली. टाके ओढले म्हणून कळवळली आणि पुन्हा हसली. आल्यापासून तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

दुसऱ्या वैद्यांना लिहिताना हा माणूस रोग्याचं सगळं लिहितो. नाडी, ताप, स्वप्नंसुद्धा. फक्त नाव नाही. 'एक विधवा', 'एक व्यापारी'. घरच्या पत्रांत तर रोगी नाहीतच. एका पेटीवर लिहिलं होतं की गावातल्या बड्या घरची एक बाई त्याच्याकडे औषधाला होती, सगळीकडे तिचीच चर्चा, आणि सख्खा भाऊ त्याला पत्रावर पत्रं धाडून विचारत होता. उत्तरात वैद्याने दोन पानं भरून लिहिलं ते नासपतीच्या झाडांबद्दल. कलमं कशी बांधली, थंडीत कोणती गेली.

"काय घुम्या माणूस!" मी म्हणाले. "भावाला दोन ओळी लिहायला काय जात होतं?"

"म्हणून तर लोक त्याच्याकडे जात असतील," माधवी म्हणाली.

इतक्यात मागून मराठी ऐकू आलं. तिच्याच ऑफिसातले मोहिते, पुण्याचे. भला माणूस.

"अरे वा, हिंडायला लागलात! फार मोठं झालं हो तुमचं. माझ्या बायकोच्या मावसबहिणीकडून मेसेज आला होता. सगळं कळलं. इतकं मुद्देसूद लिहिलं होतं कोणीतरी, क्रमांक घालून!"

माधवी त्यांना "थँक्यू" म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. कोणी लिहिलं हे विचारायची गरजच नव्हती. मी पेटीतल्या नासपतीच्या पत्राकडे बघत राहिले.

स्टेशनवर बाकावर बसल्यावर ती बोलली.

"कोणाकोणाला पाठवलंस?"

"घरच्यांनाच गं. काळजीने सगळे विचारत होते."

"यादी सांग ना. तुझ्याकडे असेलच."

मी पर्समधून फोन काढला आणि पुन्हा आत टाकला.

"आईंना मी स्वतः सांगणार होते. दिवाळीत, समोर बसून." आई म्हणजे तिच्या सासूबाई. "तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती, ताई."

"माझ्या लक्षातच नाही आलं."

"कसं येईल? तुला मजा येत होती."

गाडी आली. टॅम्पिनीसपर्यंत ती शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्या आल्या तिने सासूबाईंना फोन लावला, दार लोटून. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "त्यांना केव्हाच कळलं होतं. म्हणाल्या, साऱ्या गावाला सांगून झाल्यावर सासू आठवली का."

"मग तू काय म्हणालीस?"

"चुकलं म्हणाले. तुझं नाव नाही घेतलं."

मी स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवरचा माझा तक्ता काढला आणि तिथेच उभी राहिले. मी तिचं सगळं वाटून टाकलं होतं, आणि तिने माझं एवढंसं झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना फोन केला.

"काकू, ते सगळं मी पसरवलं. माधवीने नाही. तिला तुम्हालाच आधी सांगायचं होतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "बरं. आता कशी आहे ती? जेवते का? दुखतंय का अजून?"

सगळी उत्तरं माझ्या जिभेवर होती. क्रमांकासह.

"जागी आहे," मी म्हणाले. "तिलाच देते फोन."

फोन देऊन मी खाली उतरले. त्या दोघी किती वेळ आणि काय बोलल्या, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

निघताना माधवी चांगीपर्यंत आली. माझ्या बॅगेत कोपीची पाकिटं कोंबली, "पोचलीस की कळव" म्हणाली. नेहमीसारखी मिठी मात्र मारली नाही. हात दाबला फक्त.

घरी पोचले त्याच संध्याकाळी आत्या हजर. "आता नीट सांग बाई. सुजाण लेक तू, तुलाच विचारायचं."

मी तिला कोपी करून दिली. मग डुरियन नावाच्या फळाच्या उग्र वासाबद्दल सांगितलं, चोपबद्दल, पट खेळणाऱ्या आजोबांबद्दल. आत्याने कप ठेवला.

"अगं, मी बहिणीचं विचारतेय!"

"बरी आहे. आणि आत्या, तिथे मँगोस्टीन म्हणून एक फळ मिळतं..."

आत्या रागावून गेली. गटावरही मी आता हवापाण्याचंच लिहिते. तिथे मला फारसं कोणी उत्तर देत नाही.

हा मजकूर छापायला देण्याआधी माधवीला पाठवला. नको म्हणाली असती तर फाडला असता. तिने दोन ओळी काढायला लावल्या. त्या मी काढल्या आहेत.